बॅग भरली, पण घराला काही ठाऊकच नाही

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. गेल्या काही महिन्यांत पूर, भूकंप, इमारतींना लागलेल्या आगी अशा बातम्या एकामागून एक पाहिल्या आणि माझी झोपच उडाली. मी ऑनलाइन सामान मागवून एक मोठी बॅग भरली. दोरखंड, होकायंत्र, धुरात वापरायचा मुखवटा, घडीचा चाकू, तीन टॉर्च, बरंच काही. बॅग माळ्यावर ठेवली आहे. पती म्हणतात, ‘वेळ आली की बघून घेऊ, तू उगाच पोरांच्या डोक्यात भीती भरतेस.’ म्हणून आता त्यांना न सांगताच खरेदी करते. मुलगी १५ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात, इन्सुलिनवर आहेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. परवा विषय निघाला तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘तसं काही झालंच तर मला ठेवा आणि तुम्ही पोरांना घेऊन निघा.’ त्यानंतर मी या विषयावर तोंड उघडलेलं नाही. कितीही आणलं तरी कमीच वाटतं. नेमकी किती तयारी केली म्हणजे पुरे? आणि घरच्यांना कसं सांगू?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत. सासूबाईंचं. आधी त्याबद्दल बोलू, बॅगेकडे नंतर वळू.

‘मला ठेवा आणि तुम्ही निघा’ असं म्हणणाऱ्या माणसाला मरायचं नसतं. आपल्यापायी नातवंडं अडकतील, या विचाराने ते माणूस खचलेलं असतं. त्यांना असं वाटायला कारणही आहे. त्यांना घराबाहेर कसं काढायचं, हे आजवर कुणी त्यांच्यासमोर बोललेलंच नाही. तुम्ही गप्प झालात ते मायेपोटी, पण त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी काय लावला असेल? म्हणून हे उत्तर वाचून झालं की त्यांच्याजवळ बसा आणि स्पष्ट सांगा, ‘आई, तुम्हाला मागे ठेवून कुणी जाणार नाही. तुम्हाला खाली कसं न्यायचं ते आज ठरवू, आणि ते तुम्हाला विचारूनच ठरेल.’

आणि मग खरोखर ठरवा. आग आणि भूकंप या दोन्ही वेळी लिफ्ट वापरायची नाही, म्हणजे जिना आला. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांना नेण्याचा एक साधा मार्ग म्हणजे पाठ असलेली, हलकी पण मजबूत खुर्ची. एकाने मागून पाठ धरायची, दुसऱ्याने जिन्यावर खालच्या बाजूला राहून पुढचे पाय धरायचे. बसलेल्या माणसाला चादरीने किंवा ओढणीने खुर्चीशी बांधून घ्यायचं, म्हणजे तोल गेला तरी ते पुढे घसरत नाही. घरातली कोणती खुर्ची यासाठी वापरायची ते आजच ठरवा आणि आधी तुमच्या मुलीला बसवून सपाट जमिनीवर उचलून बघा. नंतर दोनचार पायऱ्या. सासूबाईंना सरावासाठी जिन्यावरून न्यायची गरज नाही, पण खुर्ची कशी उचलली जाते ते त्यांना बघू द्या. ज्यांना उचललं जाणार आहे त्यांनी हात कुठे ठेवायचे, जिन्याचा कठडा धरायचा मोह का टाळायचा, हे त्यांना माहीत असलं की उचलणाऱ्यांचं निम्मं काम हलकं होतं.

यासाठी दोन धडधाकट माणसं लागतात. दिवसा तुमचे पती घरी नसले तर दुसरं कोण? या प्रश्नाचं उत्तर बॅगेत नाही, शेजारच्या दारामागे आहे. वर-खालच्या घरांतल्या दोघांना आधीच विचारून ठेवा. एकच नाव पुरत नाही, ते नेमके बाहेर असू शकतात. विचारायला संकोच वाटतो, मला कल्पना आहे. पण १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला, ६,४०० हून अधिक माणसं गेली, आणि ढिगाऱ्यातून जे जिवंत निघाले त्यांच्यातल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. अग्निशमन दल कितीही चांगलं असलं तरी ते एका वेळी सगळीकडे नसतं. शेजारी मात्र तिथेच असतो, आणि त्याला ठाऊक असायला हवं की त्या घरात आतल्या खोलीत एक आजी झोपलेल्या असतात.

सासूबाईंना आणखी एक गोष्ट सांगा, त्यांना बराच धीर येईल. प्रत्येक संकटात पळायचं नसतं. भूकंपाचे धक्के चालू असताना तर कुणीच पळायचं नसतं. चालत्या माणसाने खाली बसून मजबूत टेबलाखाली शिरायचं आणि टेबलाचा पाय धरून ठेवायचा. वॉकर वापरणाऱ्याने असेल तिथे बसायचं, वॉकरला चाकं असतील तर ती लॉक करायची, आणि दोन्ही हातांनी किंवा उशीने डोकं-मान झाकायची. पलंगावर असलो तर पलंगावरच राहायचं, उशी डोक्यावर घ्यायची. दाराच्या चौकटीत उभं राहा, हा जुना सल्ला आता दिला जात नाही. मग सासूबाईंसाठी खरी तयारी कोणती? त्यांच्या पलंगावर जे कोसळू शकतं ते हलवणं. डोक्यावरची फळी, भिंतीवरची जड तसबीर, पायथ्याशी असलेलं उंच कपाट. कपाट हलवता येत नसेल तर लोखंडी पट्टीने भिंतीला घट्ट बसवून घ्या. तुम्ही मागवलेल्या सगळ्या सामानापेक्षा हे एक काम मोठं आहे.

आगीचंही तसंच. दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने ते चाचपा. दार गरम असेल किंवा जिन्यात दाट धूर असेल, तर धुरातून खाली जाण्याचा प्रयत्न करायचा नाही. आगीत माणसं बहुधा धुरानेच दगावतात. अशा वेळी परत घरात यायचं, दार बंद करायचं, फटीत ओले टॉवेल कोंबायचे, सगळ्यांनी रस्त्याकडच्या खोलीत जमायचं, अग्निशमन दलाला फोन करून आपण नेमके कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूला आहोत ते सांगायचं आणि खिडकीतून रंगीत कापड हलवायचं. जिना मोकळा असेल तर मात्र लगेच निघायचं. दागिने, कागद, मोबाइल कशासाठीही मागे वळायचं नाही आणि बाहेर पडल्यावर कुणीही परत आत जायचं नाही. घरात स्मोक अलार्म नसेल तर पुढची खरेदी तीच करा. तो महिन्यातून एकदा बटण दाबून तपासायचा असतो. रात्री झोपताना खोल्यांची दारं लोटून घेतली तर धूर आणि आग पसरायला बराच वेळ लागतो. यासाठी तर पैसेही लागत नाहीत.

पुराच्या बाबतीत तिसरा मजला ही तुमच्यासाठी बहुतेकदा जमेची बाजू आहे. पण प्रशासनाने घर सोडायला सांगितलं, तर ज्या घरात उतरायला वेळ लागणारं माणूस आहे त्या घराने सगळ्यात आधी निघायचं. इतर लोक काय करतात ते पाहत थांबायचं नाही. पाणी रस्त्यावर आल्यावर निघणं हा सगळ्यात वाईट पर्याय. जेमतेम १५ सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या माणसाचा पाय उखडू शकतं आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. वरून पाहणाऱ्याला ते घोट्याएवढं दिसतं, आणि त्याखालचा रस्ता जागेवर आहे की नाही हे दिसतच नाही.

आता इन्सुलिन. वीज गेली की सगळ्यात आधी याचीच घालमेल होते, म्हणून नीट सांगते. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं. पण फ्रिज बंद पडला म्हणजे ते लगेच वाया गेलं असं नाही. बहुतेक प्रकारचं इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. तुमच्या प्रकाराचं नेमकं किती ते त्याच्या पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद आज वाचा आणि मुदत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. बर्फाला थेट टेकवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. सासूबाईंची सगळी औषधं निदान आठवडाभर पुरतील इतकी शिल्लक असतानाच पुढची आणायची, हा नियम करा. सुया, साखर तपासायच्या पट्ट्या, साखर उतरली तर लागणारं गोड काहीतरी, जादा चष्मा आणि औषधांची नावं-प्रमाण लिहिलेला कागद हे सगळं एका छोट्या पिशवीत, त्यांच्या पलंगाजवळ. पलंगाखाली एक टॉर्च आणि पक्क्या तळव्याची चप्पलही ठेवा. रात्री भूकंप झाला तर अनवाणी पाय फुटलेल्या काचेवर पडतात. ही चप्पल घरातल्या प्रत्येकाच्या पलंगाखाली हवी.

आता बॅग. स्पष्ट बोलते, राग मानू नका. ती बॅग जंगलात वाट चुकलेल्या माणसासाठी भरलेली आहे. तुमच्या घरावर येण्याची जास्त शक्यता असलेलं संकट बरंच साधं आहे. वीज तीन दिवस नाही, नळाला पाणी नाही, दुकानं बंद, फोन लागत नाही. त्यात होकायंत्राचं काय काम? शिवाय ती माळ्यावर आहे. भूकंपानंतर किंवा अंधारात स्टुलावर चढून ती कोण काढणार? खाली काढा आणि पाठीला लावून तीन मजले उतरून बघा. सासूबाईंना आधार देत ती नेता येत नसेल, तर ती रिकामी करून दोन-तीन हलक्या पिशव्या करा, दाराजवळच्या कपाटात ठेवा आणि मुलीच्या-मुलाच्या पिशव्या त्यांनाच भरू द्या.

‘किती म्हणजे पुरे’ याचं उत्तर आकड्यांत देता येतं, आणि ते दिलं पाहिजे. काळजीला तळ नसतो, पण यादीला शेवट असतो. पाण्यापासून सुरू करा. पिण्यासाठी आणि जरुरीपुरत्या स्वच्छतेसाठी माणशी दिवसाला साधारण ४ लिटर धरतात. तुम्ही पाच जण, तीन दिवस, म्हणजे ६० लिटर. एवढं हाताशी असलं की पहिला टप्पा झाला. जागा असेल तर हळूहळू आठवड्यापर्यंत न्या. त्यापुढे जायची तुम्हाला गरज दिसत नाही. पिण्याच्या पाण्याचे स्वच्छ, घट्ट झाकणाचे कॅन वापरा. दूध किंवा रस ठेवलेली भांडी कितीही घासली तरी त्यात पाणी खराब होतं. दर सहा महिन्यांनी पाणी बदला. गीझरच्या टाकीतही पाणी असतं हे ऐन वेळी लक्षात येत नाही. आधी वीज बंद करून, ते निवल्यावर खालच्या नळीतून काढता येतं. कसं काढायचं ते प्लंबर आला की एकदा विचारून ठेवा.

पाणी शुद्ध आहे की नाही अशी शंका आली तर उकळणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट, २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या आणि स्वच्छ कापडातून गाळा. उकळायची सोयच नसेल तर सुगंध नसलेलं, ५ ते ६ टक्के तीव्रतेचं साधं घरगुती ब्लीच लिटरमागे दोन थेंब टाकून, ढवळून, अर्धा तास ठेवायचं. यातलं काहीच पुरात मिसळलेलं पेट्रोल, कीटकनाशकं किंवा कारखान्यातली रसायनं काढत नाही. म्हणून पुराचं पाणी उकळून प्यावं असं मी सांगणार नाही. साठवलेल्या पाण्याची किंमत तिथे कळते.

अन्नाचं फार मनावर घेऊ नका. तुमच्या घरात एरवी जे खाल्लं जातं, त्यातलंच न शिजवता खाता येईल असं तीन दिवसांचं जास्त ठेवायचं, जुनं आधी वापरायचं आणि वापरलं की भरून टाकायचं. संकटासाठी म्हणून वेगळं, महागडं, कुणालाच न आवडणारं काही आणलं तर ते मुदत संपून फेकलंच जाईल. सासूबाईंच्या पथ्याचं मात्र वेगळं बघा. वीज गेल्यावर फ्रिज उघडला नाही तर आतलं साधारण चार तास थंड राहतं. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस टिकतो, अर्धा भरलेला एक दिवस. त्यापुढे शंका आली की टाकून द्या. वास बरा येतोय म्हणून चाखून बघू नका.

संडासाचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पाणी नसताना पाच जणांच्या घरात दुसऱ्या दिवशीच ही सगळ्यात मोठी अडचण होते. झाकणाची एक बादली, तिला आतून लावायला जाड पिशव्या, वरून टाकायला लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती, हातमोजे, साबण. तुमच्यासाठी आणि मुलीसाठी सॅनिटरी पॅड. सासूबाईंना बादलीवर बसता येणार नाही, त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची किंवा बेडपॅन. हे बॅगेतल्या मुखवट्याइतकं रुबाबदार दिसत नाही, पण माणसाची लाज राखतं, आणि आजारी माणूस यामुळेच पाणी कमी पिऊन स्वतःचे हाल करून घेतं.

बाकीचं भराभर सांगते. टॉर्च आणि जादा सेल, मेणबत्ती नको, अंधारात मेणबत्त्यांमुळे आगी लागतात. भरलेली पॉवर बँक. सेलवर चालणारा छोटा रेडिओ, कारण मोबाइलचं जाळं कोसळल्यावर अधिकृत सूचना त्यावरच ऐकू येतात. प्रथमोपचाराची पेटी. थोडी रोकड सुट्ट्या नोटांत, वीज नसताना कार्ड आणि ऑनलाइन पैसे चालत नाहीत. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पाकिटात. मोठ्याने वाजणारी शिट्टी, अडकलेल्या माणसाचा आवाज बसतो, शिट्टीचा बसत नाही. यादी इथे संपली. पुढचं सामान मागवायला हात गेला तर ही यादी पूर्ण झाली आहे का एवढंच बघा.

एका धोक्यापाशी मात्र मला थांबायचंय, कारण त्याने वादळातून वाचलेली माणसंही जातात. वीज गेली, थंडी आहे, स्वयंपाक करायचाय, म्हणून लोक कोळशाची शेगडी घरात पेटवतात, जनरेटर गॅलरीत लावतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात कडाक्याच्या थंडीत लाखो घरांची वीज गेली, तेव्हा ऊब मिळवायच्या अशाच प्रयत्नांत कित्येकांना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली आणि काहींचा जीव गेला. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणसाला वाटतं दमणूक आहे. कोळसा बंद घरात कधीच नाही, खिडकी उघडी असली तरी नाही. जनरेटर घरापासून, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब, मोकळ्यावर. तुमच्या घरात जनरेटर नसेल कदाचित, पण खालच्या मजल्यावर कुणी लावला तर धूर तुमच्याकडेच येणार. त्यामुळे हे त्यांनाही सांगून ठेवा.

आता ज्यासाठी ही सगळी धडपड, त्याकडे येते. माझ्या मते तुमच्या घरात सामान कमी नाही, बोलणं कमी आहे. तयारी तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे आणि संकट येईल तेव्हा तुम्ही कदाचित घरी नसाल. मुलगी क्लासला, मुलगा शाळेत, पती कामावर, तुम्ही बाजारात. तेव्हा कोण कुठे जाणार? हे ठरलेलं नसलं की प्रत्येकजण दुसऱ्याला शोधायला धावतो, आणि तिथेच घात होतो.

११ मार्च २०११ ला जपानमधल्या कामाइशी शहरात भूकंपानंतर त्सुनामी आली. तिथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांची जवळपास ३,००० मुलं वाचली. गुन्मा विद्यापीठातले प्राध्यापक तोशिताका काताडा काही वर्षं आधीपासून तिथल्या शाळांबरोबर काम करत होते. मुलांना शिकवलेलं होतं की नकाशावरच्या धोक्याच्या रेघेबाहेर आहोत म्हणून आपण सुरक्षित असं समजू नका आणि कुणाची वाट न पाहता उंचावर जा. त्या दिवशी एका शाळेची मुलं ठरलेल्या जागी पोहोचली, ती जागा धोक्याची दिसली तशी आणखी वर गेली आणि तिथूनही वर गेली. वाटेत मोठ्या मुलांनी धाकट्यांचे हात धरले होते. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती मुलांनी घरी जाऊन सांगायची गोष्ट : ‘मी नक्की उंचावर जाईन, तुम्ही मला शोधायला येऊ नका, तुम्हीही जा.’ आईला लेकराबद्दल एवढी खात्री असेल तरच तिचे पाय शाळेकडे न वळता टेकडीकडे वळतात. ही खात्री ऐन वेळी येत नाही, जेवणाच्या टेबलावर आधी बोलून ठेवावी लागते.

तुमच्या घरासाठी याचा अर्थ असा. दोन भेटण्याच्या जागा ठरवा, एक इमारतीच्या अगदी बाहेर, एक जरा लांब, वस्तीत शिरता आलं नाही तर. दूरच्या गावात राहणारा एक नातेवाईक ठरवा. संकटाच्या जागी फोन लागत नाहीत, पण बाहेरगावी बऱ्याचदा लागतो. सगळ्यांनी त्यालाच ‘मी इथे आहे, ठीक आहे’ एवढा मेसेज पाठवायचा. बोलण्याच्या कॉलपेक्षा साधा एसएमएस गर्दीतून सहज निघतो. मुलं शाळेत असतील तर शाळेचे नियम काय आहेत, मुलांना कोण आणू शकतं, ते शाळेत विचारून घ्या. आणि सगळे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या दप्तरात, पाकिटात ठेवा. मुलीला तुमचा नंबर पाठ आहे का, विचारून बघा. हल्ली बहुतेकांना स्वतःचा सोडून एकही पाठ नसतो.

पतींशी कसं बोलायचं? संकट येईल की नाही यावर वाद घालू नका. तो वाद तुम्ही जिंकू शकत नाही आणि जिंकूनही उपयोग नाही. आधी लपवलेली खरेदी सांगून टाका. लपवून केलेल्या तयारीने घरात आणखी एक गुपित तयार होतं, आणि त्यांच्या लेखी ती तुमचीच खाजगी भीती राहते. मग त्यांच्याकडून ठोस काम मागा. ‘मला गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करता येत नाही, शिकवा.’ ‘मेन स्विच आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते मुलीला दाखवा.’ ‘हे कपाट भिंतीला बसवायचंय.’ ‘आईंची खुर्ची धरायला तुम्हीच हवेत.’ ‘बघून घेऊ’ म्हणणारी माणसं बऱ्याचदा हातात पाना आला की मनापासून कामाला लागतात. त्यांना निष्काळजी ठरवण्याची घाई करू नका. काहींना भीती बोलून दाखवता येत नाही, ती झटकून टाकता येते.

गॅसबद्दल घरात सगळ्यांना एवढं पाठ हवं : वास आला तर कोणतंही बटण दाबायचं नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. खिडक्या उघडायच्या, हाताशी असेल तर व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेर पडायचं आणि बाहेरूनच फोन करायचा. पाइपचा गॅस एकदा बंद केला की परत चालू करायला कंपनीचा माणूसच हवा.

मुलांच्या भीतीचं तुमच्या पतींना वाटतं ते अगदी चूक नाही. ९ वर्षांच्या मुलाला ढिगाऱ्यांचे व्हिडिओ दाखवले तर तो घाबरेलच. पण ‘धूर दिसला तर वाकून चालायचं, आणि आपण सगळे खालच्या झाडाजवळ भेटायचं’ हे त्याला रस्ता ओलांडायला शिकवावं तसं शिकवता येतं. त्याला काम द्या. शिट्टी त्याच्याकडे, दर महिन्याला टॉर्च लावून बघणं त्याच्याकडे. मुलीला खरं आणि पूर्ण सांगा, ती १५ वर्षांची आहे, ती एकटी घरी असताना आजीची जबाबदारी तिच्यावर येऊ शकते. त्या वेळी आजीला एकटीने उचलायचा प्रयत्न करायचा नाही आणि आधी कोणत्या शेजाऱ्याचं दार वाजवायचं, हे तिला माहीत हवं.

आणि तुमची झोप. रात्री झोपण्याआधी आपत्तीच्या बातम्या पाहणं थांबवा. फोनवरच्या सरकारी सूचना चालू ठेवा, त्या वाजल्या तर उठा, एरवी फोन दुसऱ्या खोलीत. यादी पूर्ण होऊनही महिनाभर झोप लागली नाही, छातीत धडधडत राहिलं, घराबाहेर पडायची भीती वाटू लागली, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. ते दुखणं वेगळं असतं, त्यावर उपचार आहेत, आणि टॉर्च कितीही घेतले तरी ते त्याने बरं होत नाही.

सुरुवात कुठून करायची तेही सांगते. एखादी सुट्टीची संध्याकाळ निवडा. घरात सगळे असताना, सासूबाईंना आधी सांगून, मुलाच्या हातून मेन स्विच बंद करा आणि दोन-तीन तास साठवलेल्या पाण्यावर आणि टॉर्चवर काढा. फ्रिज उघडू नका, तेवढ्या वेळात आतलं काही बिघडत नाही. नळही उघडायचा नाही. पतींना त्यात यजमानपद द्या, तुम्ही सूचना करत फिरू नका. कोण कुठे अडखळलं, काय सापडलं नाही, सासूबाईंना बाथरूमपर्यंत जाताना उजेड पुरला का, हे मुलीला वहीत टिपायला सांगा. दुसऱ्या दिवशी ती वही आणि वरची यादी शेजारी शेजारी ठेवा. माळ्यावरच्या सामानातलं काय ठेवायचं आणि काय परत पाठवायचं ते त्या वहीवरून, पाचही जणांनी मिळून ठरवा.

तुमची,
ताई